पानशेतवरचं प्रेझेंटेशन: पाच जण, बारा मिनिटं

आमचे ग्रुप रोल नंबरनुसार पडले, त्यामुळे आवडीनिवडीला जागाच नव्हती. सिव्हिलचं तिसरं वर्ष, पाच जण, बारा मिनिटं, विषय ‘एका धरणाचं अपयश’. पुण्यात राहतो म्हणून पानशेत घेतलं. यंदा ज्युनिअर्सनी आमची पीपीटी मागितली. पीपीटी देऊन काही उपयोग नाही, त्यापेक्षा हे वाचा.

पहिली चूक आम्ही पहिल्याच दिवशी केली: पंधरा स्लाइड, प्रत्येकाला तीन. चार दिवसांनी सगळं एकत्र जोडलं, तर 12 जुलै 1961 ही धरण फुटल्याची तारीख चौघांनी चार वेळा सांगितलेली. पानशेत फुटल्यावर खडकवासला का फुटलं, हे मात्र कोणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा सांगेल.

म्हणून स्लाइड वाटू नका, प्रश्न वाटा. आमची दुसरी वाटणी अशी झाली. धरण कसलं होतं? आंबी नदीवरचं मातीचं, काम अपुरं असतानाच पावसाळ्यात भरलेलं. फुटलं कसं? पाणी सोडण्याच्या काँक्रीटच्या नळाला लोखंडी सळ्यांचं बळ नव्हतं. तो खचला, त्याच्यावरची माती बसत गेली, आणि जवानांनी वाळूची पोती रचूनही सकाळी बांध गेला. खडकवासला का टिकलं नाही? एकोणिसाव्या शतकातलं ते दगडी धरण, एवढा लोंढा पेलण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. मग शहराचं काय झालं? शेवटचा प्रश्न, आपण काय शिकलो. हा सगळ्यात कंटाळवाणा असतो, तो ग्रुपमधल्या सगळ्यात गप्पिष्ट माणसाला द्या.

प्रत्येकाचं शेवटचं वाक्य पुढच्याच्या प्रश्नाशी जुळलं पाहिजे. मी संपवताना म्हणायचे, “पाणी निघालं, आणि वाटेत आता एकच धरण होतं.” पुढची मुलगी थेट खडकवासल्यापासून सुरू करायची. “आता माझी मैत्रीण पुढची माहिती देईल” हे वाक्य कोणी म्हणायचं नाही, असा आमचा नियम होता. मोडला की चहा पाजायचा. दोन चहा मलाच पाजावे लागले.

तालीम उभं राहून, घड्याळ लावून करा. बसून मनातल्या मनात वाचलं तर सगळं दहा मिनिटांत होतं. आमची पहिली तालीम एकोणीस मिनिटं चालली. त्यातली जवळपास दोन मिनिटं माऊस एकमेकांना देण्यात आणि “हं, आता तू” म्हणण्यात गेली. उपाय म्हणजे स्लाइड पुढे सरकवायला एकच माणूस, बाकीच्यांनी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. उरलेली पाच मिनिटं ‘धरणांचे प्रकार’ ही स्लाइड काढल्यावर आटोक्यात आली. ते सगळ्या वर्गाला मागच्या सेमिस्टरला शिकवलेलं होतं. वर्गाला जे येतं ते वर्गालाच सांगण्याची हौस का असते, कळत नाही.

आमच्यातला एक मुलगा चारचौघांत बोलायला घाबरायचा. सुरुवातीला आम्ही त्याला ‘तू फक्त थँक्यू म्हण’ असं सांगितलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. नंतर त्याला खडू दिला. धरणाचा छेद त्याने फळ्यावर काढला: मध्ये मातीचा गाभा, तळाशी नळ, आणि खचल्यावर वरची रेषा कशी खाली येते ते. चित्र काढता काढता तो आपसूक बोलायला लागला. सगळा वर्ग मोबाईलमधून मान वर काढून बघत होता, तो एवढा एकच भाग.

आता फॉन्ट. एकाने शीर्षकं काकांच्या छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली. घरी झकास दिसली. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ‘पानशेत’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस उमटले. मराठी लिहायचं असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा, पीडीएफ करून ठेवा, आणि ती पेनड्राइव्हवर आणि ईमेलवर अशी दोन्हीकडे असू द्या.

नारायण पेठेतल्या एका आजींचा आवाज आम्ही रेकॉर्ड केला होता. वर्गातल्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हता. फोन माइकला लावला तर नुसती खरखर. शेवटी त्यांची गोष्ट मी तोंडी सांगितली: सगळे पुढच्या दाराकडे बघत असताना पाणी मागच्या दाराने आलं. रेकॉर्डिंगपेक्षा हेच जास्त चाललं.

प्रश्नोत्तरांत मात्र गोंधळ घातला. सरांनी नळाबद्दल विचारलं आणि आम्ही चौघं एकदम बोललो, तेही चार वेगवेगळी उत्तरं. ज्याचा भाग त्याचंच उत्तर, हे आधी ठरवा. माहीत नसेल तर “हे आम्ही शोधलं नाही” म्हणा. मी एका प्रश्नाला तसं म्हटलं, सरांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या ग्रुपला बोलावलं.

आणि प्रोजेक्टरची केबल ज्या कपाटात असते, त्याची किल्ली शिपाई काकांकडे असते. ते साडेदहाला चहाला जातात.