टर्मिनलवरचं पांढरं: गॅरेजच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

आयटीआय झाल्यावर मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे शिकाऊ म्हणून लागलो. तिसऱ्या आठवड्यात एक जुनी पेट्रोल गाडी आली. तक्रार एकच: सकाळी सेल्फ उचलत नाही, ढकलून चालू करावी लागते. बॉनेट उघडलं तर बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल दिसतच नव्हतं, नुसता पांढरा-निळसर थर फुगून आला होता. मी तारेचा ब्रश घेतला, कोरडंच खसाखसा घासलं, क्लॅम्प, म्हणजे वायरीच्या टोकाची पकड, नीट बसेना म्हणून वरून हातोडीचे दोन ठोके दिले आणि नट आवळला. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

महिन्याभरात तीच गाडी परत. तेच टर्मिनल, थर आधीपेक्षा जास्त. या खेपेला मिस्त्रींनी मला ब्रशला हात लावू दिला नाही. म्हणाले, "थांब की. आधी सांग, हे आलं कुठनं?"

मला उत्तर येत नव्हतं. या कामात शिरणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी हा प्रश्न स्वतःला विचारायला शिकावं, म्हणून हे लिहितोय.

बॅटरीत पाणी घातलेलं सल्फ्युरिक ॲसिड असतं. ते आत असतं तोवर काम करतं, बाहेर आलं की समोर येईल ते खातं. बॅटरीच्या शिशाच्या खुंटाशी, म्हणजे टर्मिनलशी, गाठ पडली की पांढरी पूड होते, ते लेड सल्फेट. क्लॅम्पच्या पितळेतलं किंवा वायरीतलं तांबं खाल्लं की निळं-हिरवं दिसतं, ते कॉपर सल्फेट. बरेच गिऱ्हाईक या सगळ्याला सरसकट 'कार्बन' म्हणतात. त्यांनी म्हणावं, आपण म्हणू नये. कारण कार्बन म्हटलं की पुसून मोकळं व्हावंसं वाटतं आणि ॲसिड म्हटलं की ते कुठून झिरपलं ते शोधावंसं वाटतं.

बाहेर येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. एक म्हणजे खुंट आणि बॅटरीचं झाकण यांच्यामधला सील फाटणं. मी मारलेले हातोडीचे ठोके नेमके तिथं बसले होते. क्लॅम्प बसत नसेल तर तो फाकवायचा, ठोकायचा नाही. काढतानाही पेचकसानं उचकटायचा नाही. दुसरी वाट, पाणी जास्त भरणं. पाणी वरच्या खुणेपर्यंतच हवं. बुचापर्यंत भरलं की चार्ज होताना द्रव फुगतो, बुडबुडे उठतात आणि बुचाच्या भोकातून ॲसिड बाहेर सांडतं. तिसरी वाट ओव्हरचार्जिंग, आणि नवखे तीच सर्वांत जास्त विसरतात.

मिस्त्रींनी इंजिन जरा रेस करायला लावलं आणि मीटरच्या पिना थेट खुंटांवर धरल्या. १५.२ व्होल्ट. अशा साध्या गाडीत हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असायला हवा. त्याच्या वर गेलं की आतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडतं आणि जाताना ॲसिडचा बारीक तुषार बरोबर नेतं. बुचं उघडली तर बॅटरीच्या सहाही खणांतलं (सेलमधलं) पाणी सारखंच खाली गेलेलं. सगळे खण सारखे उतरले असतील तर चार्जिंग तपासा. एकच खण उतरला असेल तर तो खण खराब आहे किंवा डब्याला चीर आहे. या गाडीचा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग, गेलेला होता. मी महिन्यापूर्वी ब्रशनं त्यावर पांघरूण घातलं होतं, एवढंच. नव्या गाड्यांत मात्र ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) व्होल्टेज स्वतः वरखाली करतो, तिथं एका आकड्यावरून निकाल देऊ नका; थोडा वेळ बघत राहा.

'लाइट तर लख्ख लागतात, मग बॅटरी कशी बसली?' हे गिऱ्हाईक हमखास विचारतं. त्याला गणित सांगा. थरामुळे सांध्यात ०.०१ ओहम इतकाच अडथळा आला असं धरू. हेडलाइटचा एक ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो, त्याला ०.०५ व्होल्टसुद्धा घट पडत नाही. सेल्फ मारताना १५० अँपिअर लागले तर तिथंच दीड व्होल्ट खाल्ला जातो. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, मधला सांधा चोर. मीटरची एक पिन खुंटावर आणि दुसरी क्लॅम्पवर धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर दोष तिथंच आहे. या एका तपासणीमुळे कित्येकांचा नव्या बॅटरीचा खर्च वाचतो, म्हणून ती हाताला वळण पडेपर्यंत करा.

आता साफ करण्याबद्दल. इंजिन बंद, चावी बाहेर. चालू गाडीची बॅटरी सोडवून अल्टरनेटर तपासायची जुनी खोड अजून काही गॅरेजांत आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या जमान्यात ती महागात पडते. दहा नंबरच्या पान्यानं आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह अजून लावलेली असली तर पाना जागेवर लाल होतो. जोडताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

घासण्याआधी थर ओला करा. मी कोरडा घासला तेव्हा ती पूड नाकातोंडात गेली, आणि ती शिशाची असते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवायचा, बुचं घट्ट लावून जपून ओतायचा. सोडा आत गेला तर आतलं ॲसिडच मारतो. फेस येतो तोवर ॲसिड शिल्लक आहे. फेस थांबला की ब्रश, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. नुसतं उकळतं पाणी ओतायची पद्धत तुम्हाला जागोजागी दिसेल. टर्मिनल चकाचक होतं, पण ॲसिड मरत नाही, ते खालच्या ट्रेमध्ये जाऊन बसतं आणि वर्षभरानं ट्रेचा पत्रा हातात येतो. कोल्ड्रिंक ओतणारेही भेटतात. तेही आम्लच, वर साखरेचा चिकटा. निगेटिव्ह क्लॅम्पवर सेन्सरचा छोटा डबा असेल तर तिथं पाणी ओतूच नका, ओल्या फडक्यानं पुसा.

क्लॅम्प आवळल्यावर मगच वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. वायरीचं टोक दाबून बघा. आवरणाखाली तांबं हिरवं, ठिसूळ लागलं तर टोक साफ करून भागत नाही, केबल बदला. बॅटरी काढून ट्रे बघायचा कंटाळा करू नका. रंग फुगला असेल तर तिथंही सोड्याचं पाणी, धुऊन पूर्ण वाळवणं, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. आणि बॅटरी धरणारी पट्टी घट्ट बसवा. हलती बॅटरी आपलाच डबा आणि सील झिजवते. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, ॲसिड नाही. पाणी उडतं, ॲसिड आतच राहतं.

स्वतःच्या अंगाबद्दल मी कडक आहे. गॉगल आणि रबरी हातमोजे नसतील तर बॅटरीला हात लावू नका, मालक घाई करत असला तरी. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ बिडी-काडी नाही. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगी पुरते. डोळ्यात ॲसिड उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं डोळा उघडा धरून धुवायचा आणि थेट दवाखाना. डोळ्यात सोडा कधीच नाही. सुती शर्टावर उडालेला थेंब त्या वेळी दिसत नाही, धुतल्यावर भोक पडतं. माझे दोन शर्ट तसे गेले. शर्ट पुन्हा घेता येतो, पण त्याच हातानं तंबाखू मळली किंवा भाकरी खाल्ली तर शिसं पोटात जातं आणि शरीरात साठत राहतं. जेवणाआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदला आणि घरी पोराबाळांच्या कपड्यांत भिजवू नका.

त्या गाडीचा रेग्युलेटर बदलला, १४.२ व्होल्ट आले. माझ्या ठोक्यांनी सील गेलेली बॅटरी मात्र वाचली नाही. गिऱ्हाइकाला मी स्वतः जाऊन कारण सांगितलं, आणि मिस्त्रींनी नव्या बॅटरीतला अर्धा वाटा गॅरेजच्या खात्यातून दिला.