पुठ्ठ्याची रिक्षा: बालवर्गात प्रोजेक्ट कसा करावा

ठाण्यातल्या पालकांना ‘प्रोजेक्ट’ हा शब्द साधारण रात्री नऊनंतर आठवतो. उद्या सकाळी शाळेत ‘वाहतुकीची साधने’ द्यायची असतात. मग नौपाड्यातलं स्टेशनरीचं दुकान बंद व्हायच्या आत गाठायचं, कार्डशीट आणि चमकीचा कागद आणायचा. आई कापते, बाबा चिकटवतात, आणि ज्याच्या नावानं हे सगळं चाललंय तो पाच वर्षांचा जीव केव्हाच झोपलेला असतो. मी मोठ्या शिशूची ताई, म्हणजे बालवर्गाची शिक्षिका. असे प्रोजेक्ट मी वर्षानुवर्षं गोळा केले आणि वर्गाच्या खिडकीत मांडले. त्यांचा पुढे कुणी विषयही काढला नाही.

इथे ज्या प्रोजेक्टबद्दल लिहितेय तो घरी करायचा नसतो. वर्गातल्या मुलांनी आसपासच्या एका खऱ्या गोष्टीचा चार-सहा आठवडे पिच्छा पुरवायचा: बघायचं, विचारायचं, मोजायचं, काढायचं, बनवायचं आणि मग त्यात खेळायचं. या पद्धतीवर अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये लिहिलं, पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं अशा हाताशी असलेल्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं ते कोसबाडच्या टेकडीवर. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत कोसबाड आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही त्यांची कुरणशाळा. आमच्या मुलांचं कुरण म्हणजे रिक्षा स्टँड, म्हणून आम्ही रिक्षा घेतली. तीच उदाहरण म्हणून सांगते.

विषय कसा निवडावा

मी तीन गोष्टी तपासते. पायी जाता येईल किंवा ती वस्तू शाळेत आणता येईल का? मुलांना तिला हात लावता येईल का? तिच्याशी जोडलेला एक जिवंत माणूस आहे का, ज्याला मुलं प्रश्न विचारू शकतील? डायनोसॉर आणि अवकाश तिन्हींत नापास होतात. त्यांची चित्रं बघता येतात, पण शोधायला काही उरत नाही. ठाणे खाडीतले फ्लेमिंगोही मला पहिल्या प्रोजेक्टसाठी नको वाटतात. दिसतात सुंदर, पण लांबून, आणि पाच वर्षांच्या मुलाला दुर्बीण नीट धरणं जमेपर्यंत पक्षी उडालेला असतो.

तलावपाळीची होडी, जांभळी नाक्याची मंडई, कोपऱ्यावरचा शिंपी, इस्त्रीवाला, टीएमटीची बस यांतलं काहीही चालेल. नवी मुंबईत बेलापूरजवळ शाळा असेल तर दिवाळ्याच्या कोळीवाड्यातली जाळी आणि मासळी हा सोन्यासारखा विषय आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाची आजीच तिथे मासे विकत असेल, तर तज्ज्ञ शोधायलाही जावं लागत नाही.

सुरुवात: आठवणीतून चित्र

पहिल्या दिवशी काहीही शिकवू नका. ‘रिक्षा काढा’ एवढंच म्हणा. समोर फोटो नको, फळ्यावर नमुना तर नकोच. आमच्या २८ मुलांपैकी बहुतेकांनी चार चाकांची मोटार काढून तिला काळा-पिवळा रंग दिला. रोज सकाळी रिक्षातून उतरणाऱ्या मुलांनीही! प्रत्येक चित्रावर मागच्या बाजूला तारीख घालून ती फाइलमध्ये ठेवा. चुका सुधारायचा मोह होईल. तो आवरा, कारण याच चित्रांचा पुढे उपयोग आहे.

मग प्रश्न. इथे नवीन शिक्षकाची फजिती होते, कारण ‘तुम्हाला काय विचारायचंय?’ म्हटलं की या वयाची मुलं प्रश्न विचारत नाहीत, गोष्ट सांगतात. ‘माझे मामा पण रिक्षातून आले, मग आम्ही आइस्क्रीम खाल्लं.’ सगळ्या ऐकून घ्या. त्यानंतर मी एक लबाडी करते, मुद्दाम चुकीचं बोलते: ‘रिक्षाला स्टिअरिंग असतं ना, गोल?’ की वर्ग पेटतो. दोघं हो म्हणतात, चौघं नाही म्हणतात, आणि भांडण सुटत नाही म्हटल्यावर मी कागदावर लिहिते: ‘हे बघायला लागेल.’ आमच्या कागदावर शेवटी हे प्रश्न होते: रिक्षाला दार का नाही? मीटरमध्ये आकडे कोण बदलतं? रिक्षा मागे जाते का? रिक्षा रात्री झोपते कुठे? मुलं बोलतील तसंच लिहा, भाषा सुधारून पुस्तकी करू नका.

रिक्षा शाळेत येते

२८ मुलांना घेऊन स्टँडवर जाणं म्हणजे आ बैल मुझे मार. आम्ही रिक्षाच आवारात बोलावली. ओळखीच्या रिक्षाकाकांना दुपारची, धंदा कमी असतो ती वेळ विचारली. तासाभराचे पैसे ठरवून दिले. ‘मुलांसाठी फुकट या’ असं म्हणू नका, तो त्यांचा पोटापाण्याचा वेळ असतो. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांना आदल्या दिवशी निरोप हे तर आलंच.

आवारात रिक्षा उभी राहिली की किल्ली ताईच्या हातात, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. सायलेन्सर तापलेला असतो, म्हणून अर्धा तास आधी बोलावून गार होऊ द्या. एका वेळी पाच-सहाच मुलं रिक्षाजवळ, बाकीची मावशींबरोबर वर्गात. हे गट नीट पाडले नाहीत तर सगळ्यांनाच हँडल धरायचं असतं आणि कुणीच काही बघत नाही.

प्रत्येक मुलाजवळ पुठ्ठा, त्याला चाप लावलेला कागद आणि पेन्सिल. कामं मी आधी वाटली होती. एका गटानं टायरवर कागद धरून खडू आडवा घासला आणि नक्षी उमटवून घेतली. दुसऱ्यानं सुतळीनं लांबी मोजली आणि तेवढी सुतळी कापून ठेवली. तिसऱ्यानं नंबरप्लेट बघून कागदावर लिहून घेतली. त्यात एमएच ०४ बघून ऐरोलीहून येणारी एक मुलगी म्हणाली, आमच्या बाबांच्या गाडीवर असं नाहीये. दुसऱ्या दिवशी ती हातावर ४३ लिहून आली. ठाण्याचा आकडा वेगळा, नवी मुंबईचा वेगळा, हे मी शिकवायचं ठरवलंच नव्हतं.

चाकं मोजणारा गट मात्र भांडत आला. अर्धे म्हणत तीन, अर्धे चार. मी ‘तीन’ म्हणणारच होते, तेवढ्यात काकांनी स्टेपनी काढून दाखवली. चार म्हणणाऱ्यांनी ती आधीच हेरली होती. दोघंही बरोबर! तेव्हापासून मी उत्तर सांगायच्या आधी मनात दहा आकडे मोजते.

मुलाखत काकांना आधी समजावून ठेवा, नाहीतर ती मंडळी मुलांना ‘अभ्यास करता ना? मोठेपणी कोण होणार?’ असं विचारत बसतात. उत्तर तोंडी न देता दाखवायला सांगा. रिक्षा मागे जाते का, या प्रश्नाला काकांनी रिव्हर्सचा दांडा दाखवला. मुलांना बाजूला घेऊन त्यांनी स्वतःच इंजिन सुरू केलं आणि रिक्षा दोन फूट मागे घेतली. त्या दिवशी घरी जाऊन मुलांनी सांगितलं ते एवढंच.

बनवणं: इथे घाई करू नका

माझी चूक आधी सांगते. पहिल्या वर्षी मुलांचे पुठ्ठे वाकडे होताहेत बघून मी एका रविवारी बसून अख्खी रिक्षा स्वतः तयार केली. पिवळं टप, काळं पोट, अगदी हुबेहूब. सोमवारी एका मुलानं अदबीनं विचारलं, ‘ताई, तुमच्या रिक्षात बसू का?’ तुमच्या! मी त्या रात्रीच्या आईबाबांसारखीच निघाले होते.

सामान फारसं लागत नाही. फ्रिज-वॉशिंग मशीनच्या दुकानात आधी सांगून ठेवलं तर मोठी खोकी मिळतात. जुनी वर्तमानपत्रं, सुतळी, डब्यांची झाकणं, बांबूच्या काठ्या, पोस्टर रंग आणि मैद्याची खळ एवढं पुरतं. खळीत झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. बालवर्गात ती अजिबात नको, ते विष आहे. त्यापेक्षा खळ रोज ताजी करा. कटर फक्त ताईच्या हातात, पण कुठे कापायचं ती रेघ मुलांची.

आमचे पाच दिवस नुसते चाकांत गेले. हातानं काढलेली वर्तुळं अंड्यासारखी आली. मग कुणाला तरी बिस्किटांच्या डब्याचं झाकण ठेवून गिरवायचं सुचलं. चाकं गोल झाली, खोक्याला चिकटवली, आणि फिरेनात. मुलं खट्टू. अशा वेळी उत्तर जिभेवर येतं, ते गिळायचं आणि मागे न्यायचं: ‘काकांच्या रिक्षाचं चाक कशाला लावलेलं होतं?’ कुणालाच आठवेना. म्हणून आम्ही फाटकाशी उभं राहून दोन रिक्षा येता-जाता पाहिल्या. मागच्या चाकांच्या मध्ये ‘काहीतरी दांडा’ आहे, हे एकीला दिसलं. पुठ्ठ्याला भोक पाडून आरपार काठी घातल्यावर चाक फिरलं तेव्हा झालेला आरडाओरडा शेजारच्या वर्गाला अजून आठवतो.

रोज पाऊण तास, चार-पाच मुलांचा गट आळीपाळीनं, बाकीची नेहमीच्या खेळात: हे वेळापत्रक एक ताई आणि एक मावशी असलेल्या वर्गातही बसतं. चाळीस मुलं असतील तर गटाचा क्रम उशिरा येईल, आणि प्रोजेक्ट आठवडाभर लांबेल. लांबू द्या. जागा लहान असेल तर रिक्षाचा फक्त पुढचा भाग करा आणि मागे दोन बाकं लावा.

स्टँड सुरू

खोकं उभं राहिलं की खरा प्रोजेक्ट सुरू होतो. मुलांनी पाटी लिहिली, ‘रीकशा सटँड’. ती तशीच लावली. मीटरसाठी खोक्यात खाच पाडून आकड्यांची पट्टी वर ओढायची सोय केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये किमान भाडं २६ रुपये झालं, म्हणून काड्या मोजल्या: दहाच्या दोन जुड्या आणि सहा सुट्या. एकक-दशक आम्ही पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलं होतं, ते असं मागच्या दारानं आलं.

पहिल्याच दिवशी प्रवाशानं विचारलं, ‘घोडबंदर येणार?’ चालकानं तोंड फिरवून मान हलवली आणि म्हणाला, ‘नाही, गॅस भरायचाय.’ इतकं बारीक निरीक्षण मी कोणत्या रकान्यात नोंदवू? दुसऱ्या एका चालिकेनं चौथ्या प्रवाशाला पुढे बसवलं. नियमात तीनच बसतात, मी सांगितलं. ‘पण सकाळी बसतात ना, ताई,’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नोंदी मात्र ठेवा, गुण देऊ नका. खिशात छोटी वही, रोज तीन मुलांचं एकेक वाक्य: कोण काय बोललं, कशात अडकलं, कुणाची मदत घेतली. ‘छान सहभाग’ असं लिहाल तर महिन्यानं वाचून काहीच कळणार नाही.

पालकांना काय दाखवायचं

‘लिहायला कधी शिकवणार?’ हा प्रश्न पालकसभेत येणारच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून खेळ आणि कृतीवर भर दिला आहे, हे सांगता येतं, पण धोरणानं आईचं समाधान होत नाही. मी तिच्या हातात मुलाची दोन चित्रं देते, पहिल्या दिवसाचं आणि शेवटच्या आठवड्यातलं. एकात चार चाकांची मोटार. दुसऱ्यात पुढे एक चाक, हँडल, मीटर, आरसा, आणि कोपऱ्यात वाकडातिकडा आकडा, ०४. मग मूलच तिला ओढत स्टँडवर नेतं आणि २६ काड्या मागतं.

मुलं रिक्षाकडे फिरकेनाशी झाली की थांबा, ठरवलेले सहा आठवडे पुरे करायचा हट्ट नको. मोडायचं कामही मुलांनाच द्या, आवडीनं करतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट: जून-जुलैत हा घाट घालू नका. निम्मी मुलं अजून आईसाठी रडत असतात, आणि आपल्याकडच्या पावसात पुठ्ठा चार दिवसांत बुरसतो. दिवाळीची सुट्टी संपली की खोक्यांसाठी दुकानात सांगून ठेवा.