रनिंग शूज घेताना या चुका टाळा

पळायला लागून तीन महिने झाले असतील, तेव्हा माझ्या उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाचं नख काळंनिळं पडलं. अंगठ्याचं नख ठीक होतं, शेजारच्या बोटाचं काळं. आधी वाटलं, कुठेतरी ठेच लागली असेल. मग एके दिवशी बुटातला इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढली, जमिनीवर ठेवून त्यावर अनवाणी उभा राहिलो आणि खाली पाहिलं. अंगठ्यापुढे बऱ्यापैकी जागा होती, दुसऱ्या बोटापुढे जवळजवळ काहीच नव्हती. माझं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी दुकानात मी फक्त अंगठा दाबून पाहिला होता. पाच किलोमीटर पळताना एकेक पाय अडीच-तीन हजार वेळा जमिनीवर पडतो. त्या बोटाला तेवढ्या ठेचा दर खेपेला बसत होत्या. नख गळून पडलं आणि नवं पूर्ण यायला बरेच महिने गेले.

तेव्हापासून बरोबर पळणाऱ्या कुणी पायाची तक्रार केली की मी आधी बूट बघायला मागतो. बहुतेक वेळा बूट वाईट नसतो. तो घेताना नंबर, रंग, मित्राचा सल्ला, पाकिटावरचं लेबल हे सगळं पाहिलेलं असतं आणि ज्या पायाला तो घालायचा त्याला विचारायचंच राहिलेलं असतं.

"माझा नंबर आठ" म्हणून थेट आठ घेणं

आठ नंबर म्हणजे सगळीकडे सारखी लांबी नव्हे. प्रत्येक कंपनी बूट ज्या साच्यावर बेतते तो साचा वेगळा असतो. त्यात यूके आणि यूएस मापांचा गोंधळ. पुरुषांच्या बुटांत या दोन्हींत साधारण एका नंबराचा फरक पडतो. म्हणून पाय सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करा आणि अंतर मोजा. दोन्ही पायांचं मोजा, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. मोजायला आणि खरेदीला संध्याकाळची वेळ बरी. दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला असतो, पळतानाही तो असाच फुगतो.

उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर, जागा हवी. बसून पाहिलेलं माप फसवं असतं, वजन पडल्यावर तळवा पसरतो आणि लांबतो. त्यामुळे रोजच्या बुटांपेक्षा रनिंग शूज अर्धा किंवा एक नंबर मोठे घ्यावे लागले तर त्यात काही वावगं नाही.

लांबीपेक्षाही जास्त दुर्लक्ष होतं ते रुंदीकडे. चवडा रुंद असलेले लोक बूट दाबतोय म्हणून एक नंबर मोठा घेतात. पुढे जागा होते, पण आता टाच मागे हलायला लागते आणि फोड तिथे येतात. चवड्याची अडचण लांबी वाढवून सुटत नाही. पुरुषांच्या बुटांत डी ही सर्वसाधारण रुंदी, टू-ई रुंद, फोर-ई त्याहून रुंद. बायकांच्या बुटांत बी ही सर्वसाधारण आणि डी रुंद. दुकानात हे मागावं लागतं, आपणहून कुणी दाखवतंच असं नाही. तपासायची युक्ती तीच: इनसोल काढा, त्यावर उभं राहा. करंगळीची बाजू इनसोलच्या कडेबाहेर लोंबत असेल तर तो बूट तुमचा नाही.

आणि "वापरून वापरून सैल होतील" हे चामड्याच्या बुटांचं गणित आहे. आजच्या रनिंग शूजचं जाळीदार कापड फारसं ताणत नाही. पहिल्या मिनिटाला जे टोचतं ते दहाव्या किलोमीटरला टोचतंच, जास्त जोरात.

ओल्या पावलाच्या ठशावरून बूट ठरवणं

पाय ओला करून फरशीवर उभं राहायचं आणि ठसा बघायचा. कमान दिसली नाही तर सपाट पाय, मग आधार देणारा स्टेबिलिटी बूट. कमान फार उंच दिसली तर मऊ, न्यूट्रल बूट, म्हणजे पायाला असा आधार न देणारा. ही पद्धत वर्षानुवर्षं सांगितली जाते, ऐकायला पटतेही. मीही बरेच दिवस हेच सांगत होतो, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो.

जमिनीवर पडल्यावर पाऊल घोट्यापाशी थोडं आत झुकतं, त्याला प्रोनेशन म्हणतात. हा दोष नाही, धक्का जिरवायची ती पायाची स्वतःची रीत आहे. प्रश्न असा की जास्त झुकणाऱ्या पायाला मुद्दाम रोखणारा बूट दिला तर इजा कमी होतात का. अमेरिकी लष्करात नव्या भरती झालेल्यांवर हे पाहिलं गेलं. काहींना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. इजांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये 927 नवशिक्या धावकांना एकसारखे न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पाहिलं, तो अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. आत झुकणाऱ्या पायांना जास्त इजा झाल्याचं त्यातही दिसलं नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. 2016 च्या लक्झेंबर्गमधल्या एका अभ्यासात ज्यांचे पाय खरोखर आत झुकत होते त्यांना झुकणं रोखणाऱ्या बुटांचा फायदा झाला. त्यामुळे स्टेबिलिटी बुटात तुम्ही वर्षानुवर्षं विनातक्रार पळत असाल तर ते सोडायचं काही कारण नाही. फक्त एका ठशावरून कुणी तुमच्या पायाचं निदान करून टाकत असेल तर ते मान्य करू नका.

मग निवडायचं कशावरून? कॅल्गरी विद्यापीठातले बेनो निग आणि त्यांचे सहकारी यांनी 2015 मध्ये मांडलेली कल्पना मला सर्वांत कामाची वाटते. धावकाने स्वतःच्या आरामाला चाळणी मानावं, असं ते म्हणतात. पायाला जो बूट सर्वांत सुखाचा वाटतो, त्यात पायाला आपल्या नैसर्गिक वळणाने चालता येत असावं, असा त्यामागचा तर्क.

पण आराम आरशासमोर चार पावलं टाकून कळत नाही. तीन-चार जोड मागवा, पळताना वापरता तेच मोजे घाला आणि दुकानाबाहेर किंवा ट्रेडमिलवर दोन-दोन मिनिटं खरोखर पळा. दोन जोडांत मन अडलं तर डाव्या पायात एक आणि उजव्यात दुसरा घालून पळा, मग अदलाबदल करा. फरक लगेच जाणवतो. आणि ज्या बुटात तुम्हाला बुटाची आठवणच आली नाही, तो घ्या.

जितका मऊ तितका चांगला, हा समज

अंगठ्याने टाच दाबून "काय मऊ आहे!" म्हणणं म्हणजे गादी हाताने चाचपून झोप कशी लागेल ते ठरवणं. पळताना पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर येतो. त्या जोराखाली काही मऊ फोम पार दबतात, तर काहींवर घोटा डुगडुगतो. तुमचं वजन, तुमची गती आणि फोम यांचा मेळ बसायला हवा, आणि तोही पळूनच कळतो.

ड्रॉपकडे मात्र खरेदीच्या वेळीच लक्ष द्या. टाचेखालचा सोल चवड्याखालच्या सोलपेक्षा किती जाड आहे, तो हा फरक. सर्वसाधारण बुटांत तो 8 ते 10 मिलिमीटर असतो, काहींत 4, काहींत शून्य. कुठलाही एक आकडा सगळ्यांसाठी बरोबर नाही. चूक होते ती अचानक बदलण्यात. दहाच्या बुटातून थेट शून्यावर आलात की टाच रोज जास्त खाली जाते, पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते आणि दोन आठवड्यांत सकाळी जिना उतरणं अवघड होतं. बदलायचंच असेल तर नवा बूट आठवड्यातून एकदा, दोन-तीन किलोमीटरसाठी घाला आणि हळूहळू वाढवा.

सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेले, कार्बन प्लेटचे शर्यतीचे बूट रोजच्या सरावाला घेऊ नका. ते वेगासाठी बनतात, टिकण्यासाठी नाहीत.

वरून चांगला दिसतोय म्हणून वापरत राहणं

रनिंग शूज साधारण 500 ते 800 किलोमीटर साथ देतात. आठवड्याला 25 किलोमीटर पळत असाल तर साडेचार ते साडेसात महिने. वजन जास्त असेल किंवा पाय घासून पळायची सवय असेल तर कमी. आधी मरतो तो मधला थर, म्हणजे मिडसोल. त्याच्या फोममध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, ते दबून दबून पूर्ववत होईनासे होतात. खालचं रबर शाबूत दिसतं आणि आपण फसतो. मिडसोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्यात का बघा. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा, एका बाजूला कलतोय का? आणि सराव तोच असताना पाय उगाच दुखू लागले तर जोड कधी घेतला ते आठवा. मी नवा जोड आला की बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतल्या बाजूला पेनाने तारीख लिहितो.

टाचेची बाहेरची कड आधी झिजली म्हणून घाबरू नका. बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेनेच टेकते.

आयुष्य वाढवायचं तर पळायचे बूट फक्त पळायला ठेवा. बाजारहाट, ऑफिस, दिवसभर उभं राहणं यात फोम विनाकारण खर्च होतो. वॉशिंग मशीन आणि कडक ऊन दोन्ही टाळा. ओल्या ब्रशने चिखल काढा, इनसोल वेगळा करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. शक्य असेल तर दोन वेगळे जोड आलटूनपालटून वापरा. लक्झेंबर्गमध्ये 264 धावकांवर 22 आठवडे नजर ठेवली, तेव्हा एकापेक्षा जास्त जोड वापरणाऱ्यांमध्ये इजेचा धोका 39 टक्के कमी दिसला. ही नुसती निरीक्षणं होती, तेव्हा सगळं श्रेय जोडांनाच देता येणार नाही, पण पायावर रोज एकाच जागी ताण येत नाही हे खरं.

कुठे दुखतंय, त्यावरून

बोटं पळताना बधिर होतात? आधी लेस सैल करून पाहा. तरी होत असेल तर चवड्याला जागा कमी आहे. पावलाच्या वरच्या बाजूला, कमानीच्या माथ्यावर दुखत असेल तर तेवढ्याच जागी लेसची आडवी फुली सोडून द्या आणि ती कडेने सरळ वर न्या. दाब लगेच उतरतो.

टाच सटकत असेल तर नवा बूट घेण्याआधी सर्वांत वरचं जादा छिद्र वापरा. बहुतेक जण ते रिकामं सोडतात. लेसचं टोक त्याच बाजूच्या वरच्या छिद्रात घालून छोटा फास ठेवा, दोन्हीकडे. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच बुटाच्या मागच्या खोबणीत घट्ट बसते, पुढे बोटं मोकळी राहतात. उतारावर नख काळं पडणाऱ्यांनाही याचा उपयोग होतो, कारण पाय पुढे घसरायचा थांबतो. फोड तरीही येत असतील तर मोजे बघा. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलते.

नडगी आणि गुडघ्याचं दुखणं मात्र लगेच बुटाच्या माथी मारू नका. तिथे पुष्कळदा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. बूट तेच असतात, पण मागच्या तीन आठवड्यांत अंतर दुप्पट केलेलं असतं किंवा एकदम चढ-उतारावर पळायला सुरुवात केलेली असते. सरावाची वही उघडा, अंतर कमी करा, मग बुटाकडे वळा. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल टाचेखाली कळ देत असेल तर तळव्याची शीर सुजलेली असू शकते. त्यात बदललेला बूट थोडी मदत करतो, पण पोटरीचे आणि तळव्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे लागतात.

आणि नडगीच्या हाडावर किंवा पावलाच्या वर एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दाबल्यावर दुखत असेल, चालतानाही दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर ते हाडाला पडलेल्या बारीक चिरेचं लक्षण असू शकतं. त्या दिवशीच पळणं थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बुटांचं नंतर बघू.