अभिकेंद्री बलाचे गणित: या चुका टाळा

चोर्ला घाटातील ५० मीटर त्रिज्येच्या, समतल मानलेल्या वळणावरून १००० किलोग्रॅमची मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असेल, तर लागणारे अभिकेंद्री बल, म्हणजे वळणाच्या केंद्राकडे असलेले निव्वळ बल, किती? वेग प्रथम सेकंदाला १० मीटर असा करून घ्यावा. त्याचा वर्ग वस्तुमानाने गुणून त्रिज्येने भागला की २००० न्यूटन मिळतात. सूत्रात थेट ३६ घातल्यास २५,९२० न्यूटन येतात. हे बल मोटारीच्या वजनाच्या (९८०० न्यूटन) अडीचपटीहून अधिक असल्याने तेथेच शंका यायला हवी. त्रिज्येऐवजी व्यास घेतल्यास उत्तर निम्मे होते आणि ते संभाव्य दिसत असल्यामुळे सहज निसटते.

खरी गफलत मात्र आकृतीत होते. वजन, रस्त्याची अभिलंब प्रतिक्रिया (रस्त्याने पृष्ठभागाला लंब दिशेत लावलेले बल, म्हणजेच अभिलंब बल) आणि घर्षण ही तीन बले दाखवल्यावर अकरावीचे अनेक विद्यार्थी अभिकेंद्री बलाचा चौथा बाण काढतात. प्रत्येक बाणाबाबत 'हे बल कोण लावते?' असे विचारावे: वजन पृथ्वीमुळे, उरलेली दोन रस्त्यामुळे, चौथ्याला कोणी धनीच नाही. केंद्राकडे असलेल्या निव्वळ बलालाच अभिकेंद्री बल म्हणतात आणि येथे ते घर्षणच पुरवते. त्यामुळे चौथा बाण काढणे म्हणजे तेच बल दोनदा मोजणे होय.

घर्षण म्हणजे नेहमीच घर्षणगुणांक (टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीचे माप) गुणिले अभिलंब बल, असे धरणेही चुकीचे आहे. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर गुणांक ०.४ मानला, तर ३९२० न्यूटन ही घर्षणाची कमाल मर्यादा झाली. वरील मोटारीवर प्रत्यक्षात २००० न्यूटनच घर्षण कार्य करते. मर्यादा गाठली जाते ती सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाला. या मर्यादावेगाच्या समीकरणातून वस्तुमान निघून जाते, त्यामुळे घर्षणगुणांक तोच असल्यास मालाने भरलेल्या ट्रकसाठीही हाच आकडा येतो.

वळणाला आडवा उतार असेल, तर उतरणीच्या गणिताच्या सवयीने अभिलंब बल म्हणजे वजन गुणिले उताराच्या कोनाची कोज्या (cos) असे लिहू नये. घर्षण नसताना उभ्या दिशेत त्वरण शून्य असल्याने अभिलंब बलाचा उभा घटक वजनाइतका असतो, म्हणजेच अभिलंब बल वजनापेक्षा जास्त भरते.

वळणाची वक्रता बदलत असेल किंवा चालकाने मध्येच ब्रेक लावला असेल, तर सूत्रात त्या क्षणाचा वेग आणि त्या बिंदूची वक्रतात्रिज्याच घ्यावी. ब्रेकचे बल गतीच्या रेषेत असल्यामुळे ते अभिकेंद्री बलात मिळवू नये.