आयसीडी कोडची तपासणी: किती चुकले यापेक्षा कुठे चुकले

रुग्ण घरी गेला की त्याचा केसपेपर एमआरडीत, म्हणजे रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणाऱ्या विभागात येतो आणि जाडजूड फाइलचे आयसीडीतले, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातले, चार-पाच कोड होतात. पुढे मृत्यूंची आकडेवारी, विम्याचे दावे, खाटांचे नियोजन आणि संशोधन या सगळ्यांसाठी फाइल कोणी उघडत नाही, कोडच वाचतात. म्हणून कोड दोन पातळ्यांवर तपासावे लागतात. एक तपासणी संगणकावर, फाइल न उघडता, दर आठवड्याला होते. दुसरी फाइल हातात घेऊन, दर तीन-चार महिन्यांनी होते. पहिलीत विसंगती सापडते, दुसरीत चुकीचे कारण कळते.

आधी नियम लेखी करा

तुमच्याकडे आयसीडीची कोणती आवृत्ती चालते? जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१०, एखाद्या देशाने बदललेली, की १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली आयसीडी-११? हे तपासणीच्या कागदावर सर्वांत वर लिहा. ज्यात मतभेद होतात ते स्थानिक नियमही तिथेच हवेत. ठरलेले भांडण प्रश्नचिन्हावरून होते. डॉक्टरांनी 'न्यूमोनिया?' लिहून रुग्णाला घरी सोडले, तर न्यूमोनियाचा कोड द्यायचा की खोकला-तापाचा? देशोदेशी याचे उत्तर वेगळे आहे. कोडरने, म्हणजे कोड देणाऱ्याने, एक नियम धरला आणि तपासनिसाने दुसरा, तर अहवालात दिसणारी ती 'चूक' खरी नसते.

संगणकाची चाळणी

सुरुवात मोजणीने करा. डिस्चार्ज रजिस्टरमधली संख्या (मृत्यू धरून) आणि कोड झालेल्या नोंदी यांचा ताळा जुळतो का ते पाहा. दुबार नोंदीही शोधा. राहिलेल्या फाइली कोणत्या, हे जास्त महत्त्वाचे आहे. मृत्यूच्या, आयसीयूच्या आणि लांबलेल्या मुक्कामाच्या फाइलीच सहसा सहीसाठी अडकतात. त्यामुळे घाईने काढलेल्या मासिक अहवालात मृत्यू कमी आणि आजार सौम्य दिसतात. उरलेला गठ्ठा आकाराने लहान असला तरी अहवाल त्याच्यामुळे झुकतो.

मग हे प्रश्न संगणकाला विचारा:

- चौथे अक्षर (बिंदूनंतरचे) उपलब्ध असताना तीनच अक्षरांवर थांबलेले कोड आहेत का?
- तारांकित कोड (मूळ आजार नव्हे, तो शरीरात कुठे दिसतो हे सांगणारा) एकटा किंवा मुख्य म्हणून आला आहे का? क्षयाच्या मेनिंजायटिससाठी ए१७.० आधी आणि जी०१ नंतर, दोन्ही लागतात.
- बी९५ ते बी९८ (जंतूची ओळख सांगणारे) किंवा व्ही ते वाय (बाह्य कारण सांगणारे) मुख्य कोड म्हणून वापरले आहेत का?
- एस किंवा टी गटातली दुखापत आहे, पण ती कशी झाली याचा कोडच नाही, असे कुठे आहे का?
- प्रसूती आहे आणि तिचे फलित सांगणारा झेड३७ नाही? झेड३७ आईच्या नोंदीत असतो, झेड३८ बाळाच्या. बाळाच्या नोंदीत ओ गटाचा (गर्भारपण-बाळंतपणाचा) कोड दिसला तर आईची माहिती तिकडे चढली आहे.
- डायलिसिस झाले, पण मूत्रपिंडाच्या आजाराचा एकही कोड नाही?
- अपेंडिक्स काढले आणि मुख्य निदान नुसती पोटदुखी, आर१०?
- सीटी स्कॅन झालेला असूनही पक्षाघात आय६४, म्हणजे रक्तस्राव की गुठळी हे न सांगणारा?
- हार्ट अटॅकनंतर चार आठवडे उलटून पुन्हा भरती झालेल्यांना परत आय२१? अटॅक खरोखर नवा असू शकतो, पण बहुतेकदा तिथे जुन्या अटॅकचा आय२५.२ हवा असतो.

या यादीतून निघालेली प्रत्येक नोंद चूकच असते असे नाही. प्रौढाच्या नोंदीत पी गटाचा कोड क्वचित बरोबरही असतो, कारण जन्मकाळात सुरू झालेला त्रास पुढे राहू शकतो. म्हणून निकालाला 'तपासा' असे नाव द्या, 'चूक' असे नको. आणि संगणकाला आपोआप दुरुस्ती कधीच करू देऊ नका.

संदिग्ध कोडांचे प्रमाण काढताना बरेच जण '.९ ने संपणारे' मोजून मोकळे होतात. हे फसवे आहे. ई११.९ म्हणजे गुंतागुंत नसलेला टाइप २ मधुमेह. ते स्पष्ट विधान आहे. उलट एन३९.० मूत्रमार्गातल्या संसर्गाची नेमकी जागा सांगत नाही आणि आय६४ ला तर चौथे अक्षरच नाही. संदिग्ध कोडांची यादी हाताने करावी आणि ती विभागवार पाहावी.

रुग्णामागे सरासरी किती कोड, हाही आवडता आकडा. वीस दिवसांचा मुक्काम आणि एकच कोड, हे नक्कीच संशयास्पद. पण सरासरी वाढली म्हणजे दर्जा सुधारला, असे नाही. मागच्या भरतीतले निदान नकलून पुढे ढकलले तरी ती वाढते.

फाइल हातात घेऊन

नमुना किती घ्यायचा? अचूकता ८५ टक्क्यांच्या आसपास असावी असा अंदाज असेल आणि उत्तर ५ टक्के मागेपुढे चालणार असेल, तर ९५ टक्के विश्वासपातळीला १९६ फाइली लागतात. एकूण डिस्चार्जच ८०० असतील तर १५८ पुरतात. अंदाजच नसेल तर ५० टक्के धरा. मग ३८५ लागतील. विभागवार निष्कर्ष हवा असेल तर मात्र प्रत्येक विभागाचा नमुना वेगळा मोजावा लागतो. १९६ फाइलींतल्या बालरोगाच्या अकरा फाइलींवरून त्या विभागाबद्दल काही बोलू नये.

नमुना डिस्चार्जच्या यादीतून यादृच्छिक काढा, कपाटातून नाही. कपाटात सापडतात त्या नीट लावलेल्या फाइली. यादीतली फाइल मिळाली नाही तर तिच्याऐवजी दुसरी घेऊ नका, 'मिळाली नाही' अशी मोजा. तोही डेटाच्या दर्जाचाच निकाल आहे.

तपासनिसाने मूळ कोड न पाहता फाइल नव्याने कोड करावी आणि मगच तुलना करावी. आधी कोड पाहिला की मन त्याच्याशी सहमत व्हायला बघते. डिस्चार्ज समरीवर न थांबता ऑपरेशन नोट, नर्सिंग नोंदी, औषधांचा तक्ता आणि पॅथॉलॉजीचे रिपोर्टही वाचावेत. तीसेक फाइली दोन तपासनिसांना स्वतंत्रपणे द्या आणि त्यांच्यातली सहमती कप्पा निर्देशांकाने (योगायोगाने जुळलेले वजा करून सहमती मोजणाऱ्या आकड्याने) मोजा. त्या दोघांचेच जमत नसेल तर कोडरना गुण द्यायची घाई नको, आधी नियम सोडवा.

मुख्य आणि दुय्यम निदानांचा हिशेब वेगवेगळा ठेवा, तीन अक्षरांवर आणि चार अक्षरांवरही. दुय्यम निदानांत दोन आकडे हवेत. समजा १०० फाइलींत २४० दुय्यम कोड असायला हवे होते. कोडरने २१० लिहिले आणि त्यांतले १८० बरोबर निघाले. लिहिलेल्यांपैकी ८५.७ टक्के बरोबर, पण हवे होते त्यांपैकी ७५ टक्केच सापडले. अहवालात फक्त पहिला आकडा दिला तर सुटलेल्या ६० सहव्याधी कुणाला दिसणारच नाहीत.

चूक कुठे जन्मली

तपासणीचा सगळा उपयोग इथे आहे, आणि नेमका हाच रकाना बऱ्याच तक्त्यांत नसतो. प्रत्येक फरकापुढे कारण लिहा.

कागदावरच नव्हते: रक्ततपासणीत लोह कमी, लोहाची इंजेक्शने दिली, पण निदान नुसते 'ॲनिमिया'. कोडरने आकड्यांवरून स्वतः डी५० (लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया) देऊ नये. निदान करणे डॉक्टरांचे काम आहे. त्यांना लेखी प्रश्न पाठवावा, आणि तोही उत्तर सुचवणारा नको. 'सेप्सिस होता ना?' असे न विचारता ताप, रक्तदाब, कल्चर आणि दिलेले उपचार मांडून 'या चित्राचे निदान काय?' असे विचारा. पर्याय दिलेत तर 'अन्य' आणि 'सांगता येत नाही' हेही ठेवा. उत्तर फोनवर नको. सही-तारखेसह फाइलमध्ये हवे.

कागदावर होते, वाचले नाही: हे बहुधा वेळेच्या दडपणाने होते. रोजचे फाइलींचे लक्ष्य तपासा. हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या ऊतीच्या तपासणीचा) रिपोर्ट डिस्चार्जनंतर येतो, तेव्हा कोडरने तो वाचलेला नसणे साहजिक आहे. रिपोर्ट आला की फाइल पुन्हा कोडरच्या रांगेत आपोआप यावी अशी सोय करा.

वाचले, पण कोड चुकला: आयसीडीच्या वर्णानुक्रम सूचीतून थेट कोड उचलला आणि मुख्य यादीतल्या 'वगळा' सूचना पाहिल्या नाहीत. सीओपीडीत (फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजारात) खालच्या श्वसनमार्गाचा तीव्र संसर्ग असेल तर जे४४.० लागतो, इतकी साधी जोडणीही अशीच सुटते. प्रशिक्षणाने सुटणारा प्रश्न एवढाच, पण बहुतेक ठिकाणी सगळ्या चुकांवर प्रशिक्षणाचाच उतारा दिला जातो.

सॉफ्टवेअरमुळे: शोधयादीत सर्वांत वर संदिग्ध कोड येत असेल तर तोच निवडला जाणार. यादीचा क्रम बदला.

दुरुस्ती करताना

जुना कोड पुसू नका. जुना, नवा, कोणी बदलला, कधी आणि का, हे सगळे राहू द्या. अहवाल आधीच पुढे गेला असेल तर सुधारित प्रत पाठवा. पैसे वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या, दोन्ही दिशांच्या चुका मोजा. फक्त दाव्याची रक्कम वाढवणाऱ्या दुरुस्त्या सापडत असतील, तर ती वसुली आहे. दर्जातपासणी म्हणता येणार नाही.

कोडरला अभिप्राय आठवड्याच्या आत, प्रत्यक्ष फाइल दाखवून द्या. डॉक्टरांसमोर टक्केवारीचा तक्ता ठेवून फारसे काही हलत नाही; त्यांच्याच विभागातल्या तीन फाइली ठेवल्या तर चर्चा होते. डिस्चार्ज समरीच्या नमुन्यात मुख्य निदान, सहव्याधी, इथे दाखल झाल्यावर उद्भवलेली गुंतागुंत आणि उजवी-डावी बाजू यांना स्वतंत्र जागा द्या.

फेरतपासणी तीन ते सहा महिन्यांनी, त्याच पद्धतीने आणि त्याच नियमांवर करा. मध्येच नियम, नमुना किंवा सॉफ्टवेअर बदलले असेल तर ती तारीख आलेखावर उभ्या रेषेने दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी त्या उडीला मधुमेहाची साथ समजेल.