कॉम्प्युटर चालू होईना? आधी तो कुठे अडतोय ते बघा

‘कॉम्प्युटर चालूच होत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी असतात. बटण दाबूनही सगळं निपचित, हे एक. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच, हे दुसरं. विंडोजचं चिन्ह येतं आणि ठिपके नुसते गरगरत राहतात, हे तिसरं. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर शोधण्याआधी एकदा बटण दाबून नुसतं बघा, ऐका.

सगळं निपचित असेल तर त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज येतेय का बघा. डेस्कटॉपच्या मागे, वायर जिथे घुसते तिथे बहुतेक वेळा एक छोटा स्विच असतो. धूळ पुसताना तो हमखास बंद होतो. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा आणि मग फक्त चार्जर लावून चालू करा. उपाय खुळचट वाटतो, पण बरेचदा लागू पडतो. डेस्कटॉपचा पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जोराचा झटका देण्याइतकी वीज असू शकते.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी? मॉनिटरची केबल आधी तपासा. वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी पट्टी) असेल तर केबल त्यालाच लावायची, मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीला, नाही. बीप ऐकू येत असतील तर ते मोजा. त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या कंपनीप्रमाणे बदलतो, तो त्याच्या माहितीपुस्तिकेत मिळेल.

यानंतर माझा संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवर खोचलेल्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीवर. वायर काढा, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. रॅमच्या टोकाची खिट्टी बाहेर ढकलली की पट्टी सुटते. सोनेरी कडेला बोट न लावता कोरड्या मऊ कापडाने ती पुसा, खाच जुळवा आणि ‘टक्’ असा आवाज येऊन खिट्टी बसेपर्यंत दाबा. नवख्या हाताला इथे भीती वाटते आणि पट्टी अर्धवटच बसते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, खराब कोणती ते कळेल.

चिन्हावर अडकत असेल तर आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, सगळं उपटा. मी एकदा ‘बूट डिव्हाइस (जिथून विंडोज सुरू होतं ती डिस्क) सापडत नाही’ या संदेशाने घाबरून डिस्क गेली असं धरून बसलो होतो. मागच्या बाजूला एक विसरलेला पेनड्राइव्ह होता, कॉम्प्युटर त्याच्यातच विंडोज शोधत होता!

तरीही अडलं तर ठिपके फिरत असताना पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोनदा केलं की तिसऱ्या वेळी विंडोज सहसा आपणहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. त्यात ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. ‘स्टार्टअप रिपेअर’ आधी चालवा. अपडेटनंतर बिघडलं असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून रीस्टार्ट करून 4 दाबलं की सेफ मोड येतो, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर विंडोज चालू होतं. तिथे नीट चालत असेल तर नवा ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा प्रोग्राम काढून टाका. मध्येच बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) 48 अंकी की मागितली तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, दुसऱ्या उपकरणावरून बघा.

फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, अगदी शेवटी. त्याआधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमध्ये लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) तयार करून त्यावरून हा चालू करा आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल तर तेही करू नका. वीज तोडा आणि डेटा परत काढून देणाऱ्याकडे तशीच न्या. ती जितका वेळ फिरेल तितकं नुकसान वाढतं.