फोनवर लेकरू म्हणतं, ‘छातीत धडधडतंय’

लातूरला नीटच्या तयारीसाठी ठेवलेलं लेकरू रात्री फोनवर ‘पोट दुखतंय, छातीत धडधडतंय’ म्हणालं, तर ‘घाबरू नको’ एवढं सांगून फोन ठेवू नका. फोनवरच त्याच्यासोबत श्वास घ्या: ४ मोजत नाकानं आत, ६ मोजत तोंडानं बाहेर, गरम चहावर हळू फुंकर घालावी तसा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब हवं. पाचेक मिनिटं करा. पण हे आधी, मन शांत असतानाच शिकवून ठेवा. ऐन धडधडीत नवीन काही डोक्यात शिरत नाही.

लहानग्यांना श्वास मोजायचा कंटाळा येतो. त्यांच्यापुढं सुपात भुईमुगाच्या शेंगा ठेवा आणि सोबत फोडत बसा. बोटं कामात गुंतली, टरफलं कटकट वाजू लागली, की शाळेत काय सलतंय ते आपसूक ओठांवर येतं. तेव्हा सल्ला देऊ नका, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नुसतं ऐका.

झोप-जेवण दोनेक आठवडे बिघडलेलंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं झाल्याचं बोललं तर मात्र थांबू नका, एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.